आंबा बागायतदार संस्थेचा डेटाबेस: टेबलांआधी ईआर डायग्राम का आणि कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या आंबा बागायतदार संस्थेसाठी तुम्ही सॉफ्टवेअर करताय. सभासद, त्यांच्या बागा, संस्थेत येणाऱ्या पेट्या, वाशीच्या बाजाराला गेलेला माल, दलालाकडून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) आणि फवारण्यांच्या नोंदी एवढं त्यात ठेवायचं आहे. सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे. तुम्ही मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये शेतकरी, बाग, पेटी आणि विक्री अशी चार टेबलं करूनही टाकली आहेत. आता सर म्हणतात, आधी ईआर डायग्राम, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातली नाती दाखवणारी आकृती, काढ. तर टेबलं झालेली असताना त्याची गरज काय, प्रत्येक कलम वेगळी एन्टिटी (जिची स्वतंत्र नोंद ठेवायची अशी वस्तू) धरायची का, आणि डायग्राम बरोबर झाला हे कळणार कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. डायग्राममधली प्रत्येक रेघ संस्थेच्या सचिवाला मराठी वाक्य म्हणून वाचून दाखवता आली पाहिजे, आणि त्यावर त्याला ‘हो’ किंवा ‘छे, तसं नसतं’ म्हणता आलं पाहिजे. ‘एका बागेचा मालक एकच सभासद असतो’ हे वाक्य घेऊन राजापुरातल्या कुठल्याही वाडीत जा. दुसऱ्या मिनिटाला कोणी तरी सांगेल की सातबाऱ्यावर आमची नऊ नावं आहेत. तुमच्या बाग टेबलात शेतकरी_आयडी नावाचा एक कॉलम आहे, म्हणजे नेमकं हेच वाक्य तुम्ही डेटाबेसमध्ये लिहून बसला आहात. फरक एवढाच की ते कॉलमच्या रूपात असल्यामुळे सचिवाला दिसलं नाही आणि त्याने ते खोडलं नाही. संकल्पनात्मक डिझाइन म्हणजे ही वाक्यं उघड्यावर आणण्याचं काम.

या पद्धतीचा उगमही तिथलाच आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल 1970 मध्ये मांडलं. त्यात सगळं काही रिलेशन, म्हणजे ढोबळ मानाने टेबल. गणिती दृष्टीने ते चोख आहे, पण टेबलाकडे पाहून हे टेबल एखाद्या वस्तूचं आहे की दोन वस्तूंमधल्या नात्याचं, हे कळत नाही. पीटर चेन यांनी 1976 मध्ये एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल प्रसिद्ध केलं तेव्हा हा भेद समोर आणला: वस्तूंचे चौकोन, नात्यांचे समभुज चौकोन, आणि नात्यालाही स्वतःचे गुणधर्म असू शकतात ही मुभा. ही शेवटची मुभा मला सगळ्यात मोलाची वाटते. तुमच्या संस्थेतली निम्मी महत्त्वाची माहिती सभासदाचीही नाही आणि बागेचीही नाही. ती त्या दोघांमधल्या नात्याची आहे.

सामाईक मालकीच घ्या. सभासद आणि जमीन यांच्यात अनेकास-अनेक नातं आहे (एका सभासदाच्या अनेक जमिनी, एका जमिनीचे अनेक सभासद), आणि हिस्सा हा त्या नात्याचा गुणधर्म आहे. तो सभासदाच्या चौकोनात बसत नाही, कारण एकाच माणसाचा एका जमिनीत सहावा आणि दुसऱ्या जमिनीत तिसरा हिस्सा असू शकतो. जमिनीच्या चौकोनातही बसत नाही, कारण तिथे तो कोणाचा ते सांगता येणार नाही. तो नात्याच्या समभुज चौकोनालाच लटकतो. आता तो लिहायचा कसा, हेही याच टप्प्यावर विचारा. जुन्या कागदांत सहावा हिस्सा ‘2 आणे 8 पै’ असा लिहिलेला आढळेल. तुम्ही तो 16.67 टक्के म्हणून साठवलात तर सहा भावांची बेरीज 100.02 होते, आणि एक लाखाची रक्कम वाटताना 1,00,020 रुपये वाटले जातात. वीस रुपये कुठून आले, याचं उत्तर वार्षिक सभेत सचिवाला द्यावं लागतं. म्हणून अंश आणि छेद असे दोन गुणधर्म ठेवा, 1 आणि 6. पैशात भागाकार अगदी शेवटी करायचा, आणि उरलेला पैसा कोणाच्या नावे टाकायचा तेही संस्थेला विचारून लिहून ठेवायचं.

पुढचा प्रश्न जमीन आणि बाग एकच आहेत का. तुमच्या एका बाग टेबलात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर (सर्व्हे नंबराच्या पोटविभागाचा; वरचा मालकीचा हिस्सा नव्हे), कलमांची संख्या आणि ‘सड्यावरची’ असं नाव, हे सगळं एकत्र आहे. सातबारा ज्याचा असतो तो जमिनीचा तुकडा महसूल खात्याने ठरवलेला असतो. बाग बागायतदाराने ठरवलेली असते. सड्यावरची एकच बाग तीन हिस्सा नंबरांवर पसरलेली असते, तर कधी एकाच हिस्सा नंबरात मधल्या गडग्याच्या अलीकडे एकाची आणि पलीकडे दुसऱ्याची बाग असते. शिवाय जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची, हे कोकणात अजूनही सापडतं. म्हणून माझा सल्ला असा की जमीन आणि बाग या दोन एन्टिटी ठेवा, त्यांच्यात अनेकास-अनेक नातं ठेवा, आणि मालकीचं नातं या दोहोंपैकी कशाला जोडायचं ते संस्थेला विचारा. संस्थेला झाडांच्या उत्पन्नाशी मतलब असेल तर ते बागेला जोडावं लागेल, आणि सातबारा फक्त पुरावा म्हणून राहील. हा निर्णय तुमचा नाही, त्यांचा आहे. तुमचं काम तो प्रश्न वेळेवर विचारणं.

जमिनीची ओळख कशाने पटते, हेही पाहून घ्या. सर्व्हे नंबर 45 आडिवरे गावात असतो तसाच नाटे गावातही असतो. हिस्सा नंबर 2 तर जवळपास प्रत्येक सर्व्हे नंबराखाली असेल. म्हणजे हिस्सा स्वतःच्या नंबराने ओळखता येत नाही. त्याला सर्व्हे नंबर लागतो, आणि सर्व्हे नंबराला गाव लागतं. ईआरमध्ये अशा एन्टिटीला वीक एन्टिटी म्हणतात. चौकोन दुहेरी, ज्या नात्यातून तिला ओळख मिळते तो समभुज चौकोनही दुहेरी, आणि तिच्या स्वतःच्या नंबराखाली तुटक रेघ. पुस्तकात हे ‘कर्मचारी आणि त्याचे आश्रित’ या उदाहरणाने शिकवतात आणि मुलं ते पाठ करतात. आपल्याकडे प्रत्येक घरातल्या सातबाऱ्यावर वीक एन्टिटीची दोन पायऱ्यांची साखळी छापलेली असते, ती दाखवली तर पाठ करावंच लागत नाही. पुढे टेबलात तुम्ही खुशाल एक आपोआप वाढणारा आयडी लावा. पण गाव, सर्व्हे आणि हिस्सा मिळून एकमेव असले पाहिजेत, हा नियम त्या आयडीमुळे हरवू देऊ नका. तो हरवला की तीच जमीन दोनदा नोंदली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आता कलम. प्रत्येक कलम एन्टिटी धरावं का? कसोटी एकच: संस्थेला एखाद्या विशिष्ट कलमाबद्दल काही सांगायचं किंवा विचारायचं आहे का? ‘गडग्याजवळच्या चौथ्या कलमाला यंदा मोहोर आला नाही’ ही नोंद बागायतदार मनात ठेवतो, संस्था ठेवत नाही. फवारणी बागेवर होते, माल बागेतून येतो. मग कलम ही एन्टिटी नको. पण नुसती ‘कलमांची संख्या: 120’ हेही पुरत नाही, कारण त्यात 80 हापूस, 25 केशर आणि 15 पायरी असतील, आणि हापूसमधली निम्मी जुनी, निम्मी दहा वर्षांपूर्वीची. इथे मी बागेखाली ‘लागवड’ नावाची वीक एन्टिटी ठेवीन. ती वाण आणि लागवडीचं वर्ष यांवरून ओळखायची, आणि कलमांची संख्या हा तिचा गुणधर्म. कलमांचं वय साठवायचं नाही. ते वर्षावरून काढता येतं, म्हणून तो साधित गुणधर्म; गुणधर्म लंबवर्तुळात काढतात, साधित असेल तर ते तुटक रेघेचं. उद्या एखाद्या प्रयोगासाठी झाडांना नंबर पाडायचे ठरलं तर कलम ही एन्टिटी लागवडीखाली आणखी एक पायरी म्हणून बसेल, आणि वरचं काही मोडावं लागणार नाही.

वाण ही मात्र वेगळी एन्टिटी असू द्या, नुसता मजकुराचा कॉलम नको. एक्सेलमध्ये तुम्हाला ‘हापूस’, ‘हापुस’ आणि ‘अल्फान्सो’ तिन्ही सापडतील. शिवाय वाणाचं वाणाशीच नातं असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर, आणि सिंधू हा पुन्हा रत्ना आणि हापूस यांचा. एकाच चौकोनातून निघून त्याच चौकोनात परतणाऱ्या नात्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अशा नात्यात दोन्ही टोकांवर भूमिका लिहायलाच हवी, इथे ‘जनक’ आणि ‘संकर’. नाही तर कोणापासून कोण झालं तेच कळत नाही. तुमच्या संस्थेला याची गरज बहुधा नाही. नसेल तर हे नातं दाखवू नका. माहिती आहे म्हणून ती डायग्राममध्ये भरली, तर सचिवाला वाचून दाखवायची वाक्यं वाढतात आणि तो कंटाळतो.

शेतकरी टेबलाबद्दल एक दुरुस्ती. आपल्याकडे बरेच बागायतदार स्वतःची बाग सांभाळून दुसऱ्याची बाग कराराने घेतात. मुंबईत राहणारा मालक बाग हंगामासाठी किंवा काही वर्षांसाठी करारावर देतो. फवारणी, राखण, तोडणी सगळं करारदाराचं. तुम्ही पुढे करारदारांचं वेगळं टेबल कराल आणि तोच माणूस दोन टेबलांत दोन फोन नंबरांसह बसेल. त्यापेक्षा व्यक्ती ही एकच एन्टिटी, आणि सभासद, मालक, करारदार या तिच्या भूमिका. मालक आणि करारदार या भूमिका बागेशी असलेल्या नात्यातूनच कळतात, त्यांना वेगळा चौकोन लागत नाही. सभासदाला मात्र लागेल, कारण सभासद क्रमांक, भाग भांडवल आणि दाखल तारीख हे गुणधर्म फक्त सभासदालाच आहेत. हा व्यक्तीचा उपप्रकार.

आणि करार लिहिताना काळ विसरू नका. ‘एका बागेला एकच करारदार असतो’ याला सचिव हो म्हणेल. मग विचारा: आज, की कायम? गेल्या हंगामात दुसरा होता. म्हणजे एका वेळी एक, पण इतिहासात अनेक. तुम्ही एकास-अनेक नातं काढून नवा करारदार जुन्याच्या जागी लिहिलात, तर गेल्या वर्षीच्या सगळ्या पेट्या आज नव्या माणसाच्या नावावर दिसतील. कार्डिनॅलिटी, म्हणजे एकाला किती, हे विचारताना ‘एका वेळी’ आणि ‘एकूण’ असे दोन्ही प्रश्न प्रत्येक रेघेवर विचारायची सवय लावून घ्या. मी डिझाइन तपासायला घेतो तेव्हा सगळ्यात आधी हेच बघतो, आणि बहुतेक वेळा दोष इथेच निघतो.

आता तुमच्या चार टेबलांतली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. शेतकऱ्यापासून बागेकडे एक रेघ आहे आणि शेतकऱ्यापासून पेटीकडे दुसरी. बाग आणि पेटी यांच्यात काहीच नाही. कागदावर ते नीटनेटकं दिसतं, कारण ‘पेटी शेतकऱ्याची, बाग शेतकऱ्याची, मग पेटी बागेचीच की’ असं मनात येतं. पण समजा एका सभासदाच्या आडिवऱ्यात एक आणि नाट्याला एक अशा दोन बागा आहेत. त्याने सोमवारी 40 पेट्या आणल्या. त्या कोणत्या बागेच्या? तुमचा डेटाबेस दोन्हींकडे बोट दाखवेल. याला फॅन ट्रॅप म्हणतात: एका चौकोनातून दोन अनेकपदरी रेघा फुटतात आणि टोकांचा एकमेकांशी संबंध हरवतो. डेटा भरताना काही अडत नाही, सगळे रिपोर्ट छापले जातात. अडतं तेव्हा, जेव्हा कोणी या आंब्यावर शेवटची फवारणी कधी झाली असं विचारतो, कारण फवारणी बागेची आहे आणि पेटीपासून बागेपर्यंत वाटच नाही. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. हा माल कुठल्या भागात पिकला, हे सांगता येणं हाच अशा मानांकनाचा कणा आहे. तुमच्या रचनेत पेटीपासून बागेपर्यंत, म्हणजे त्या जागेपर्यंत, पोचताच येत नाही.

उपाय करताना आणखी एक विचार करावा लागतो. एकेक पेटी ओळखायची आहे का? पेटीवर वेगळा क्रमांक किंवा क्यूआर कोड लावणार असाल तर हो. नसेल, तर संस्थेत प्रत्यक्ष नोंद होते ती अशी: अमुक तारखेला, अमुकने, अमुक बागेतल्या, पाच डझनी 40 पेट्या आणल्या. ही एक आवक. म्हणून एन्टिटी ‘आवक’ असू द्या आणि पेट्यांची संख्या हा तिचा गुणधर्म. पाच डझनी आणि सहा डझनी वेगवेगळ्या भावाने जातात, म्हणून एका आवकेखाली प्रतवारीनुसार ओळी येतील, पुन्हा वीक एन्टिटी. मग आवक बागेला जोडा: ‘एक आवक एकाच बागेतून येते’. सचिव म्हणाला की दोन बागांचा माल एकत्र भरून आणतात, तर ती संस्थेची कामाची पद्धत बदलायची गोष्ट आहे. डायग्राममध्ये ती झाकू नका. त्यांना सांगा की असं असेल तर बागेपर्यंतचा माग राहणार नाही.

पण आवकेची व्यक्तीशी असलेली रेघ काढून टाकू नका. बाग कळली म्हणजे मालक कळला, असं वाटून बरेच जण ती पुसतात. बागेला नऊ मालक आणि वर एक करारदार असताना माल कोणी घातला हे बागेवरून निघत नाही. दोन्ही रेघा हव्यात. आणि त्या दोन्ही असल्या की एक नियम जन्माला येतो: माल घालणाऱ्याचा त्या तारखेला त्या बागेत हिस्सा तरी असला पाहिजे किंवा चालू करार तरी. हा नियम ईआरच्या कोणत्याही चिन्हाने दाखवता येत नाही. तो डायग्रामच्या खाली मराठीत लिहा. असे नियम लिहिलेला कागद आकृतीइतकाच डिझाइनचा भाग आहे. मला एखाद्याने नुसती आकृती दिली तर मी तो कागद मागून घेतो.

फवारणीतही एक खाच आहे. पहिल्या झटक्यात बाग आणि औषध यांच्यात ‘फवारलं’ असं नातं काढावंसं वाटेल. पण चेन यांच्या मॉडेलमध्ये नात्यांचा संच असतो. तीच बाग आणि तेच औषध ही जोडी त्यात एकदाच येऊ शकते. तुडतुड्यांवरचं एकच औषध मोहोरावर एकदा आणि पुन्हा काही आठवड्यांनी मारलं, तर दुसरी फवारणी ठेवायला जागा नाही. गोष्ट पुन्हा पुन्हा घडू शकत असेल आणि प्रत्येक वेळ वेगळी लक्षात ठेवायची असेल, तर ती घटना आहे, आणि घटनेला स्वतःचा चौकोन द्यावा. फवारणी ही एन्टिटी: तारीख, कोणत्या बागेवर, कोणी केली. एका टाकीत कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळून मारतात, म्हणून फवारणी आणि औषध यांच्यात अनेकास-अनेक, आणि मात्रा हा त्या नात्याचा गुणधर्म. काढणीआधी किती दिवस थांबायचं हा कालावधी औषध आणि पीक यांच्यावर अवलंबून असतो. आंबा हे एकच पीक असेल तर तो औषधाच्या चौकोनात चालेल. काजूही घेणार असाल तर चालणार नाही.

पट्टीबद्दल थोडक्यात. वाशीहून येणारी एक पट्टी म्हणजे एक विक्री, असं तुम्ही धरलंय. पण एका टेम्पोत पाच जणांचा माल जातो, एका आवकेतल्या 40 पैकी 25 पेट्या आज आणि 15 उद्याच्या भावाने जातात. म्हणजे आवकेची ओळ आणि पट्टी यांच्यात अनेकास-अनेक नातं, त्यावर पेट्या आणि दर. भाडं आणि हमाली मात्र सगळ्या पट्टीची असते, कोणा एकाची नाही. ती पट्टीच्या चौकोनात राहील, आणि पेट्यांच्या प्रमाणात वाटायची की वजनाच्या, हा नियमांच्या कागदावरचा आणखी एक प्रश्न.

चिन्हांबद्दल फार वेळ घालवू नका, फक्त एका घोटाळ्यापासून सावध राहा. चेन पद्धतीत 1 आणि अनेक हे आकडे पलीकडच्या टोकाला वाचायचे असतात, तर किमान-कमाल जोडीत त्याच टोकाला. ‘एक आवक एकाच बागेतून’ हे पहिल्या पद्धतीत बागेच्या टोकाला 1 म्हणून दिसतं, दुसऱ्या पद्धतीत आवकेच्या टोकाला (1,1), म्हणजे किमान एक आणि कमाल एक, म्हणून. दोन्ही मिसळलीत तर उलटा अर्थ निघतो आणि तो कोणाला पकडता येत नाही. मी किमान-कमाल पद्धत पसंत करतो, कारण किमान शून्य की एक हा प्रश्न ती टाळू देत नाही. बाग नसलेला सभासद असू शकतो का? अजून पट्टी न आलेली आवक असते का? दुसऱ्याचं उत्तर उघडच हो आहे, पण तुमच्या पेटी टेबलात विक्री_आयडी रिकामा ठेवायला परवानगी नाही. आणि मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये जी आकृती निघते ती टेबलांची आकृती आहे. तीत नात्यांचे गुणधर्म आधीच जोडटेबलात विरघळलेले असतात. सचिवासमोर न्यायची आकृती कागदावर पेन्सिलने काढा. तीत परकी की (फॉरिन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) लिहू नका.

टेबलांकडे जायचं काम मग बरंचसं यांत्रिक आहे. प्रत्येक साध्या एन्टिटीचं टेबल, वीक एन्टिटीच्या टेबलात तिला ओळख देणाऱ्या एन्टिटीची की (ओळखीचा कॉलम), एकास-अनेक नात्यात ‘अनेक’च्या बाजूला परकी की, अनेकास-अनेक नात्याचं स्वतंत्र टेबल आणि नात्याचे गुणधर्म त्यात. तुमची चार टेबलं साधारण पंधरा-वीसपर्यंत जातील. घाबरू नका, प्रत्येक टेबल लहान असेल.

राहिला एक्सेलमधला जुना डेटा. त्याआधी एक चाचणी करा. गेल्या हंगामातली एक खरी पट्टी, एका सभासदाचा सातबारा आणि फवारणीच्या वहीचं एक पान घ्या, आणि त्यांवरचा प्रत्येक आकडा डायग्राममध्ये कुठे बसतो ते बोट ठेवून दाखवा. ज्या आकड्याला जागा सापडत नाही तिथे एक तर गुणधर्म राहिलाय किंवा नातं. हे जमलं की डेटा आणा. जुन्या आवकांची बाग तुम्हाला बहुतेक मिळणार नाही, आणि ती अंदाजाने भरू नका. एकच बाग असलेल्या सभासदांची भरता येईल, बाकीच्यांची रिकामी राहू द्या. त्यासाठी आवक टेबलात बाग_आयडी रिकामा चालेल असा ठेवा, आणि नवी पद्धत सुरू झाल्याच्या तारखेनंतरच्या आवकेला तो सक्तीचा असेल असा चेक कन्स्ट्रेंट (भरलेला डेटा तपासणारा नियम) लावा. मायएसक्यूएल 8.0.16 पासून तो खरोखर पाळला जातो. त्याआधीच्या आवृत्त्या तो वाचून सोडून देत असत, म्हणून संस्थेच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते आधी बघून घ्या.